मोत्यांचे बेट आणि आपला कांदा

२०२४ सालच्या मार्च महिन्यात पिशोर परिसरातील कांदा-उत्पादक निर्यातबंदीचा चौथा महिना मोजीत असताना वृत्तपत्रांतून एक लहानशी बातमी आली. बहारीनला तीन हजार टन कांदा पाठविण्यास केंद्र सरकारने अनुमती दिली होती. तीन हजार टन म्हणजे तीस हजार क्विंटल. ऐन हंगामात लासलगावच्या बाजार समितीत एवढी आवक दोन-तीन दिवसांत होते. वर्गात हा विषय निघाला तेव्हा शेतकरी घरातील एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, एवढ्या कांद्याने त्यांचे तरी काय भागणार आणि आपले तरी काय?" प्रश्न साधा होता, परंतु त्याचे उत्तर शोधू लागलो, की आपल्या आखाती व्यापाराचे मूळ दुखणे हाती लागते.

ज्याला आपण हा कांदा विकला, तो ग्राहक कोण आहे? बहारीन ही द्वीपसमूहावर वसलेली एक छोटी राजेशाही. क्षेत्रफळ आठशे चौरस किलोमीटरांहूनही कमी, म्हणजे आपल्या जिल्ह्याचा दहावा हिस्साही नव्हे. लोकसंख्या सुमारे पंधरा लाख. त्यांत निम्म्याहून अधिक परदेशी, आणि त्या परदेशीयांत भारतीयांचा भरणा मोठा. शेतीयोग्य जमीन नाममात्र, गोडे पाणी दुर्मिळ. अन्नाचा बहुतांश भाग बाहेरून आणल्याखेरीज या देशाची चूल पेटत नाही.

या बेटाशी आपला संबंध आजचा नाही. तेथील समुद्रातून निघणारे मोती पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या बाजारात येत, आणि येथून तांदूळ, कापड व लाकूड तिकडे जाई. व्यवहार इतका घनिष्ठ होता, की भारतीय रुपया हेच तेथील चलन होते. सोन्याच्या चोरट्या आयातीने परकीय गंगाजळीला गळती लागली, म्हणून १९५९ साली रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळा रुपया काढला. १९६५ साली बहारीनने स्वतःचा दिनार आणला तेव्हा दहा रुपयांना एक दिनार हा दर ठरला. आज एका दिनाराला दोनशे रुपयांहून अधिक मोजावे लागतात. या तफावतीमागे डॉलरशी बांधलेला दिनार आहे आणि तेलही आहे, हे मान्य करूनही हे दोन आकडे विचार करावयास लावणारे आहेत.

त्याहून बोधप्रद आहे ती मोत्यांची कथा. एकाच मालावर उभे असलेले हे अर्थकारण १९२०-३० च्या दशकांत कोसळले. जपानने कृत्रिम संवर्धनाने मोती पिकविण्यास आरंभ केला होता. त्यातच १९२९ ची जागतिक मंदी आली. १९३२ साली तेल लागले नसते, तर काय झाले असते हे सांगणे कठीण. मात्र हे तेल शेजाऱ्यांच्या मानाने थोडे आहे, ही जाणीव त्या राज्यकर्त्यांना लवकर झाली. ज्या १९७१ साली बहारीन स्वतंत्र झाले, त्याच वर्षी तेथे ॲल्युमिनियमचा कारखाना सुरू झाला. कच्चा माल बाहेरचा आणि इंधन घरच्या वायूचे. १९७५ पासून परदेशी बँकांना तेथे पेढ्या उघडण्याची मुभा मिळाली. १९८६ साली समुद्रावरील पूल सौदी अरेबियाला जोडला गेला.

या धोरणाचे भाबडे कौतुक करण्याचे कारण नाही. सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग आजही तेलातूनच येतो, कर्जाचा बोजा जड आहे आणि २०१८ साली शेजारी राष्ट्रांना दहा अब्ज डॉलरचा आधार द्यावा लागला. परंतु एका मालाच्या भरवशावर राहणे किती महागात पडते, हे या देशाने अनुभवाने ओळखले आहे, आणि हीच दृष्टी तो खरेदीतही ठेवणार.

येथे आपला प्रश्न उपस्थित होतो. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात-शुल्क आले. ऑक्टोबरमध्ये किमान निर्यात-मूल्य आले. डिसेंबरात बंदी आली. मे २०२४ मध्ये बंदी उठली, पण शुल्क व किमान मूल्य राहिले. सप्टेंबरात किमान मूल्य गेले आणि शुल्क २० टक्क्यांवर आले. १ एप्रिल २०२५ रोजी तेही गेले. वीस महिन्यांत सहा वेळा नियम बदलले. ज्या ग्राहकाला रोज कांदा हवा आहे, त्याने या काळात काय करावे? तो कांद्यावाचून राहत नाही. तो पाकिस्तान, इजिप्त वा अन्य देशांकडे वळतो, आणि एकदा बसलेली घडी आपण परत आलो म्हणून मोडत नाही. ज्याला स्वतः पिकविता येत नाही, त्याच्या दृष्टीने भावापेक्षा पुरवठ्याची शाश्वती मोलाची असते.

सरकारची बाजूही विचारात घ्यावयास हवी. २०२३ चा पावसाळा अपुरा होता, भाव चढत होते, आणि शहरातील गरीब कुटुंबाला कांदा परवडला पाहिजे ही भूमिका चुकीची म्हणता येणार नाही. आक्षेप आहे तो या संरक्षणाचा सारा भार एकट्या शेतकऱ्यावर टाकण्याला. आणि बंदीच्या काळात मित्रराष्ट्रांना सरकारी सहकारी संस्थेमार्फत ठरावीक टन पाठविणे हे राजनैतिक सौजन्य झाले. त्याला व्यापार म्हणता येत नाही. बहारीनच्या तीन हजार टनांचा हिशेब माणशी दोन किलो होतो. तेवढ्याने त्यांची महिना-दोन महिन्यांची सोय झाली असेल. पिशोरच्या शेतकऱ्याच्या भावात मात्र काडीचा फरक पडला नाही.

उपाय अशक्य कोटीतील नाहीत. किरकोळ भाव कोणत्या पातळीला गेला असता किती शुल्क लागेल, याचे कोष्टक हंगामापूर्वीच जाहीर करावे. झालेले सौदे नव्या आदेशाच्या कचाट्यातून वगळावेत. नित्याच्या आखाती ग्राहकांसाठी टंचाईच्या वर्षीही किमान कोटा राखून ठेवावा, आणि तो भरण्याची संधी शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्यांनाही द्यावी. शहरी ग्राहकाचे संरक्षण साठवणुकीतून करावे. त्यासाठी चाळी हव्यात, शीतगृहे हवीत, पैसा हवा.

आणि थोडे स्वतःकडेही पाहावे. अंजनाकाठच्या आपल्या शिवारात कधी कापूस, कधी मका, कधी अद्रक, कधी कांदा. गतवर्षी ज्याला भाव मिळाला, तेच पीक यंदा साऱ्या गावाने लावायचे, ही आपली रीत. मोत्यांवर विसंबलेल्या बेटाची गत आपण दर दोन-तीन वर्षांनी अनुभवतो, फक्त तिची नोंद इतिहासात होत नाही. प्रतवारी, साठवण आणि प्रक्रिया गावातच झाल्याशिवाय दूरची पेठ आपल्या उपयोगाची नाही.

त्या विद्यार्थ्याला मी एवढेच सांगितले, की तीन हजार टनांनी कोणाचेच भागले नाही. मात्र दरवर्षी, न चुकता, ठरल्या तारखेला तेवढाच कांदा बहारीनला पोहोचला, तर दहा वर्षांनी त्या बेटावरचा व्यापारी भाव विचारण्यापूर्वी आपल्याकडे मागणी नोंदवील. ही पत मिळविणे शेतकऱ्याच्या हाती आहे; ती राखणे दिल्लीच्या हाती आहे.