घराची किल्ली कुणाच्या फोनात?

मेहरूण तलावाकडे संध्याकाळी फिरायला निघाले, की हल्ली घराघरांच्या दारावर कॅमेरे दिसतात. नवरा-बायको दोघे कामावर, घरी म्हातारी सासू आणि लहान लेकरू. काळजीपोटी माणूस कॅमेरा घेतो, त्यात वावगे काही नाही. आम्हीही गेल्या वर्षी एक घेतला, तोही घराच्या आत बसवायचा.

बसवायला आलेल्या मुलाने फोन मागितला. आमचा फोन जुना, त्यात अ‍ॅप उतरेना. मुलगा म्हणाला, "काकू, सध्या माझ्या फोनवर चालू करून देतो." आम्ही हो म्हटले आणि विसरून गेलो. तीन महिन्यांनी भाचा नवा फोन घेऊन आला, तर अ‍ॅप सांगू लागले, हे यंत्र दुसऱ्याच्या खात्यावर आहे! म्हणजे तीन महिने आमच्या घरातले चित्र, सूनबाईचे उठणे-बसणे, एका परक्या मुलाच्या फोनात जात होते. मुलगा भला होता. फोन करताच त्याने खात्यातून आमचा कॅमेरा काढला. पण तो भला नसता तर?

भगिनींनो, पैसे आपण मोजतो, वस्तू आपल्या भिंतीवर असते, पण तिची किल्ली आपल्या हाती असतेच असे नाही. साध्या दिव्याचे बटण दाबले की दिवा लागतो. अ‍ॅपवरच्या अनेक दिव्यांचा निरोप मात्र फोनातून आधी कंपनीच्या दूरच्या संगणकाकडे जातो आणि तिथून आपल्या घरी परत येतो. इंटरनेट बंद पडले, कंपनीचा संगणक बंद पडला किंवा जुन्या फोनावर अ‍ॅप चालेनासे झाले, की चांगली वस्तूही अडून बसते.

अमेरिकेत हे घडून गेले आहे. घरातील उपकरणे चालवणारे रिव्हॉल्व्ह नावाचे यंत्र लोकांनी सुमारे ३०० डॉलरला घेतले होते. ती कंपनी दुसऱ्या कंपनीने विकत घेतली आणि मे २०१६ मध्ये सेवा बंद केली. यंत्र धडधाकट, पण निरुपयोगी! बेल्किन कंपनीनेही जुलै २०२५ मध्ये जाहीर केले, की ३१ जानेवारी २०२६ नंतर तिच्या बहुतेक वेमो उपकरणांचे अ‍ॅप चालणार नाही.

दुसरा धोका अब्रूचा. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातील कॅमेऱ्यांची चित्रे चोरून इंटरनेटवर विकल्याचे उघडकीस आले. तपासणीच्या खोलीतील बायांची ती चित्रे होती. सोपा पासवर्ड म्हणजे उघडे दारच. ९ एप्रिल २०२५ पासून आपल्या देशात कॅमेऱ्यांना सुरक्षेची सरकारी चाचणी सक्तीची झाली आहे. तरीही पासवर्ड बदलणे आपल्याच हाती आहे.

म्हणून दुकानात आधी विचारावे: इंटरनेट नसताना ही वस्तू चालते का? हाताने दाबायचे बटण आहे का? आपल्या फोनावर अ‍ॅप चालते का, ते तिथेच दाखवा. पुढे महिन्याला पैसे भरावे लागतील का? पक्के बिल घ्यावे. खाते घरच्याच माणसाच्या नंबरावर उघडावे आणि पासवर्ड तिथल्या तिथे बदलावा. निजायच्या खोलीत कॅमेरा नकोच. जुनी वस्तू विकताना खात्यातून काढूनच द्यावी. फसवणूक झाली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि चित्रांचा गैरवापर झाला तर सायबर गुन्ह्यांसाठी १९३० हा क्रमांक आहे.

आपल्या खान्देशातला केळीवाला शेतकरी मोटारीला मोबाईल स्टार्टर बसवतो, पण हाताने दाबायचा जुना स्टार्टर काढून टाकत नाही. फोन लागला नाही, तर बटण दाबून बागेला पाणी सोडतो. घरातही तेवढे शहाणपण ठेवावे. सासूबाईंना फोनाशिवाय लावता येत नाही, तो दिवा आपल्या घरात काय कामाचा?