दोष बाटलीच्या काचेत नाही

घरी व्हेपचं, म्हणजे ई-सिगारेटचं, लिक्विड मिसळणारे एक दावा ठासून करतात. बाटली उन्हात ठेवू नका, तपकिरी काचेची घ्या, कपाटात ठेवा, म्हणजे लिक्विडला काही होत नाही. तरीही रंग चढलाच, तर ते लोणच्यासारखं मुरलं आहे असं समजा. यातलं दुसरं विधान साफ खोटं आहे. पहिलं अर्धं खरं आहे, आणि म्हणूनच जास्त धोक्याचं.

आधी त्यातलं खरं काय ते मान्य करू. शुद्ध निकोटीन रंगहीन द्रव आहे. हवा आणि उजेड लागला की ते पिवळं, मग तपकिरी होतं. त्याचं ऑक्सिडीकरण होऊन कोटिनीन, मायोस्मीन, निकोटीन ऑक्साइड अशी संयुगं तयार होतात. तपकिरी काच साधारण 450 नॅनोमीटरखालचे किरण बऱ्याच अंशी अडवते, म्हणून औषध कंपन्या ती वापरतात. इथपर्यंत वाद नाही.

पण निकोटीन प्रामुख्याने 260 नॅनोमीटरच्या आसपासचे अतिनील किरण शोषतं, आणि 300 च्या खालचे बहुतेक किरण साधी पारदर्शक काचच थांबवते. मग काचेआड असूनही लिक्विड का काळवंडतं? कारण ऑक्सिडीकरणाला लागणारा ऑक्सिजन बाटलीतच असतो. अर्धी रिकामी बाटली म्हणजे अर्धी हवेची बाटली. दर वेळी झाकण उघडलं की नवी हवा आत जाते आणि प्लास्टिकच्या पातळ बाटलीच्या भिंतीतूनही ऑक्सिजन झिरपतो. त्यात उष्णतेची भर. पनवेलच्या मे महिन्यात बंद कपाटात अंधार असतो, गारवा नसतो. उजेड ही क्रिया वेगाने घडवतो हे खरं, पण उजेड अडवला म्हणजे ती थांबली, हा निष्कर्ष रसायनशास्त्राला मान्य नाही.

आता ‘मुरण्या’कडे वळू. पनवेल ही धूतपापेश्वर या औषध कंपनीची भूमी. 1872 पासून इथे आयुर्वेदाची औषधं बनतात, त्यामुळे जुनं आसव अधिक गुणकारी ही समजूत इथल्या माणसाला परकी नाही. शार्ङ्गधरसंहितेत चूर्ण, गुटी, तेल यांचा गुण किती काळ टिकतो याची मुदत दिली आहे आणि आसव मात्र जुनं तितकं चांगलं म्हटलं आहे. पण आसवात आंबवण होतं, त्यातून मद्यार्क तयार होतो आणि तोच ते टिकवतो. प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन आणि निकोटीन यांच्या मिश्रणात काहीही आंबत नाही. काही दिवसांत सुवास एकजीव झाल्यासारखा वाटेल, पण तपकिरी रंग हा गुण चढल्याचा पुरावा ठरत नाही. शिवाय रंगाची साक्षही भरवशाची नसते. व्हॅनिलिन घातलेलं द्रावण निकोटीन नसतानाही पिवळसर पडू शकतं. लिंबाच्या वासाचं सिट्राल उजेडात बदलतं, संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन हवेत ऑक्सिडाइझ होतं. निकोटीन किती उरलं आणि नवं काय तयार झालं, हे डोळ्यांना दिसत नाही.

ते कसं पाहतात, हे पनवेलकरांना वेगळं सांगायला नको. तळोजा, पाताळगंगा, रसायनी इथल्या कारखान्यांत या गावातली कितीतरी मुलं क्वालिटी कंट्रोलमध्ये काम करतात. नव्या औषधाची प्रकाशचाचणी आंतरराष्ट्रीय निकषांप्रमाणे होते. किमान 12 लाख लक्स-तास दृश्य प्रकाश आणि प्रति चौरस मीटर 200 वॅट-तास अतिनील ऊर्जा देऊन, आधी आणि नंतर काय शिल्लक आहे ते मोजतात. गोळीसाठी एवढी काळजी घेतली जाते. श्वासातून थेट फुप्फुसात जाणाऱ्या वाफेसाठी स्वयंपाकघरातली सिरिंज आणि अंदाज पुरेसा, असं कोणता केमिस्ट म्हणेल? घरी केलेलं ते शुद्ध, हे चटणीला लागू होतं. मिसळताना हातावर सांडलं, तर निकोटीन त्वचेतूनही शरीरात जातं. तंबाखूची ओली पानं हाताळणारे शेतमजूर त्यानेच आजारी पडतात.

माझा मोठा आक्षेप मात्र वेगळाच आहे. प्रकाशाची सगळी चर्चा बाटलीपाशी थांबते, धोका पुढे लिक्विड तापवणाऱ्या कॉइलवर असतो. ग्लिसरीन आणि ग्लायकॉल जास्त तापले की फॉर्माल्डिहाइड, ॲक्रोलीन तयार होऊ शकतात. 2019 मध्ये अमेरिकेत व्हेपिंगशी जोडलेल्या फुप्फुसविकाराची साथ आली. फेब्रुवारी 2020 पर्यंत 2,807 रुग्णांची नोंद झाली आणि 68 जण दगावले. त्यातल्या बहुतेकांनी गांजाचा अर्क असलेली, अनधिकृत मार्गाने आलेली द्रावणं ओढली होती आणि त्यांत मुख्य संशयित ठरलं ते व्हिटॅमिन ई ॲसिटेट. त्वचेच्या क्रीममध्ये चालणारा हा पदार्थ फुप्फुसात घातक निघाला. ती द्रावणं कितीही काळोखात ठेवली असती, तरी त्या माणसांचं काही भलं झालं नसतं.

सिगारेटपेक्षा व्हेप बरं, असं ब्रिटनमध्ये सांगतात ना? सांगतात, आणि सिगारेट सोडू पाहणाऱ्या प्रौढांच्या बाबतीत त्यात तथ्य आहे. पण तिथे निकोटीन मिलिलिटरला 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही, उपकरणात पुन्हा भरायच्या लिक्विडची बाटली 10 मिलिलिटरहून मोठी विकता येत नाही आणि उत्पादकाला घटक नोंदवावे लागतात. त्या नियमांच्या पुण्याईवर विनानियमाची बाटली चालवता येणार नाही. आपल्याकडे 2019 च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री आणि साठवण बंद आहे. पहिल्या गुन्ह्यात उत्पादन किंवा विक्रीसाठी एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

म्हणून घरात अशी बाटली असेल, तर ती ऊन लागणार नाही अशा जागी हलवण्यात वेळ घालवू नका; ती वापरणं थांबवा आणि लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. निकोटीनची सवय सुटत नसेल, तर मोजलेल्या मात्रेचा निकोटीन गम औषधाच्या दुकानात मिळतो. तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी 1800-11-2356 या क्रमांकावर विनामूल्य आहे. फोन करा.