पर्समधली ट्यूब

ती आत आली, खुर्चीत बसली आणि दार नीट लागलंय का, हे एकदा वळून पाहिलं. मग पर्समधून प्लॅस्टिकच्या पिशवीची घडी निघाली, घडीतून कागद आणि कागदातून एक ट्यूब. शेपटीपासून टोपणापर्यंत गुंडाळत आणलेली, आत थेंबभरही मलम न उरलेली.

"मॅडम, आमच्याकडच्या मेडिकलात ही आता मिळत नाही. दुसरी देतात, तिनं फरक पडत नाही. तुम्ही हीच लिहून द्या."

वय अठ्ठावीस-तीस. दोनच्या एसटीनं परत जायचं होतं, म्हणून घाईत होती. तरीही नेमकं कुठे झालंय हे सांगायला तिला दहा मिनिटं लागली. जांघेत, मांड्यांवर, कमरेभोवती, छातीखाली. दीड वर्षापासून. या काळात किती ट्यूब झाल्या, असं विचारलं तर तिनं बोटांवर मोजायला घेतलं आणि सोडून दिलं.

"लावली की दोन दिवसांत खाज जाते, मॅडम. सोडली की आठ दिवसांत परत येते."

पावसाळ्यात हे वाक्य मी जवळजवळ रोज ऐकते. म्हणणारी माणसं बदलतात. कधी बारावीतली मुलगी असते, कधी बंदोबस्तावरून आलेला पोलीस, कधी दिवसभर चुलीपुढे उभा राहणारा आचारी. वाक्य बदलत नाही. लोकांना वाटतं, खाज म्हणजेच आजार, तेव्हा खाज थांबली की आजार गेला. आजचा सगळा लेख मी या एका समजुतीसाठी लिहिते आहे.

आपण ज्याला गजकर्ण किंवा नायटा म्हणतो, ती कातडीवर वाढणारी बुरशी. ती रक्तात जात नाही आणि रक्त 'खराब' झाल्यामुळेही होत नाही. कातडीचा सर्वांत वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. त्यात, केसांत आणि नखांत केराटिन नावाचं प्रथिन असतं, तेच तिचं अन्न. एका जागी रुजली की ती चहूबाजूंनी बाहेर पसरते. डोंगराला वणवा लागतो तेव्हा आग कडेकडेनं पुढे सरकते आणि मागे मधला भाग विझलेला राहतो, तसंच इथे घडतं. म्हणून चट्टा गोल दिसतो. कड उठलेली, लालसर, बारीक कोंडा सुटणारी, कधी पुटकुळ्यांची. मधली कातडी बरी झाल्यासारखी. बुरशी जोमात असते ती कडेला आणि कडेच्या थोडी बाहेर, जिथे अजून काहीच दिसत नाही. लोक मलम नेमकं मधल्या काळपट भागावर चोळतात. ते कडेच्या दोन सेंटिमीटर बाहेरून सुरू करून आत यायला हवं.

आता खाजेचं. खाज बुरशी करत नाही, आपलं शरीर करतं. परकं काहीतरी आलंय हे ओळखून शरीर तिथे रक्त धाडतं, पेशी धाडतं. ती लाली, ती आग, ती खाज म्हणजे त्या झटापटीची खूण. पर्समधून निघालेल्या ट्यूबमध्ये तीन-चार औषधं एकत्र होती. बुरशीवरचं एक, जंतूंवरचं एक, आणि क्लोबेटासॉल. हे शेवटचं स्टेरॉईड, तेही सगळ्यांत जहाल गटातलं. स्टेरॉईड शरीराची ही झटापटच थांबवतं. दोन दिवसांत लाली जाते, खाज जाते. राखणदाराला गुंगीचं औषध दिल्यावर वाड्यात शांतता होते, तशी ही शांतता. बुरशी आत निवांत पसरत राहते. मलम बंद केलं की राखणदार जागा होतो आणि पाहतो तर चट्टा दुप्पट झालेला.

असं महिनोन्महिने चाललं की गजकर्णाचं रूपच बदलतं. कड पुसट होते, वर्तुळात दुसरं वर्तुळ उमटतं, कधी नुसताच काळसर, विटका डाग राहतो. आम्हालासुद्धा नुसतं पाहून खात्री देता येत नाही. मग कडेवरचा कोंडा बोथट पात्यानं खरवडून काचपट्टीवर घ्यायचा, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साईडचा थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. बुरशीचे फांद्या फुटलेले लांब धागे दिसतात. तपासणी स्वस्त आणि थोड्या वेळाची. शंका असेल तिथे डॉक्टरांकडे ती आवर्जून मागा. स्टेरॉईडनं कातडी पातळही होते. जांघेत, काखेत, मांड्यांवर रुंद रेघा पडतात, गरोदरपणात पोटावर पडतात तशा. त्या पुढे फिकट होतात, पण जात नाहीत.

माझी आजी गजकर्णावर टाकळ्याचं बी आंबट ताकात वाटून लावायची. पहिल्या पावसात आमच्या कोकणात रस्त्याच्या कडेला उगवणारा, कोवळा असताना भाजीला येणारा हाच टाकळा. संस्कृतात त्याचं एक नाव दद्रुघ्न, म्हणजे गजकर्णाचा नाश करणारा. तो लेप भयंकर झोंबायचा. आम्ही पोरं रडायचो आणि आजी फुंकर घालत बसायची. गोव्यातली अशीच एक भुकटी आहे, तिची गोष्ट मला फार आवडते. पोर्तुगीजांनी ब्राझीलमधल्या एका झाडाच्या खोडातली पिवळट पूड गोव्यात आणली. ती गजकर्णावर लावली जाई आणि ब्राझीलची असूनही तिला जगभर 'गोवा पावडर' हेच नाव मिळालं. तिच्यातलं औषधी द्रव्य क्रायसारोबिन. 1870 च्या दशकात बाल्मानो स्क्वायर या लंडनच्या डॉक्टरांना ती सोरायसिसवर गुणकारी दिसली आणि तिच्यावरूनच पुढे 1916 साली जर्मनीत डिथ्रानॉल हे सोरायसिसचं औषध तयार झालं. तीही कातडी जाळणारी, कपडे डागाळणारी. आज मी टाकळा किंवा ती भुकटी लावा असं मुळीच सांगणार नाही. भाजून आलेली माणसं मी पाहिली आहेत आणि आपल्याकडे आता कितीतरी चांगली औषधं आहेत. पण या जुन्या औषधांचा एक गुण मला जाणवतो. ती झोंबायची, त्यामुळे कुणी ती हौसेनं वर्षभर लावली नाहीत. आताची ट्यूब थंडगार, पांढरी, सुवासिक. ती फसवते हे कळायलाच दीड वर्ष जातं.

तेव्हा वाचकहो, घरातली ट्यूब आत्ता हातात घ्या आणि तिच्यावरची बारीक अक्षरं वाचा. चष्मा लागत असेल तर मुलाला वाचायला सांगा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एक जरी नाव दिसलं, तर ती गजकर्णावर लावायची नाही. ही औषधं वाईट नाहीत. इसबासारख्या आजारांत मी स्वतः ती लिहून देते. बुरशीवर मात्र ती घातक आहेत. 2018 साली केंद्र सरकारनं स्टेरॉईडची मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. तरीही काउंटरवर नुसतं "खाजेचं द्या" म्हटलं की ती मिळतात. औषधाच्या दुकानात बसणाऱ्या दादांना माझी मनापासून विनंती आहे. तुमच्याकडे माणूस लाजत येतो, कारण डॉक्टरपुढे कपडे काढायची त्याला लाज वाटते. त्याला ही ट्यूब देऊ नका, दवाखान्याचा रस्ता दाखवा.

औषधोपचार लांबतो हे आधीच सांगते. एखाद-दुसरा छोटा चट्टा असेल तर बुरशीचं साधं मलम दिवसातून दोनदा लावून भागतं, पण डाग दिसेनासा झाल्यावरही आणखी दोन आठवडे ते लावायचंच. जास्त पसरलं असेल तर पोटातून गोळ्या लागतात, आणि त्या हल्ली आठवडाभराच्या नसतात, दीड-दोन महिने आणि कधी त्याहून जास्तही घ्याव्या लागतात. यालाही कारण आहे. आपल्याकडे पसरलेल्या बुरशीच्या एका जातीला 2020 साली जपानी संशोधकांनी 'ट्रायकोफायटन इंडोटिनिए' असं नाव दिलं. जपानमध्ये राहणाऱ्या भारतीय आणि नेपाळी रुग्णांकडून ती मिळाली होती. टर्बिनाफिन हे एरवीचं हमखास औषध तिच्यावर अनेकदा चालत नाही. 2023 साली न्यूयॉर्कमध्येही ती सापडल्याची नोंद झाली. आपल्या देशाचं नाव लागलेली ही बुरशी जगभर फिरते आहे, याचं मला वाईट वाटतं. अशा वेळी इट्राकोनॅझोल वापरतात. त्याच्या कॅप्सूल पोटभर जेवणानंतर घ्यायच्या, पित्ताच्या गोळीबरोबर घेतल्या तर नीट शोषल्या जात नाहीत. हृदय अशक्त असेल किंवा कोलेस्टेरॉलच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना ते आधी सांगा. शेजारणीच्या चिठ्ठीवर हे औषध आणू नका.

गोल चट्टा नसलेली बुरशीही असते. पाठीवर, छातीवर, मानेवर फिकट किंवा तपकिरी ठिपके, नखानं खरवडलं की पिठासारखा कोंडा, खाज जवळजवळ नाहीच. हे शिबं. ही बुरशी आपल्या सगळ्यांच्याच कातडीवर राहते, तेलकटपणावर जगते, घाम वाढला की माजते. एकाची दुसऱ्याला लागत नाही. दाखवून घेतल्यावर केटोकोनॅझोलचा शाम्पू अंगावर पाच मिनिटं ठेवून धुतला तरी बहुधा काम होतं. पण बुरशी गेल्यावरही रंग भरून यायला काही महिने लागतात, आणि त्या काळात आई-बाप घाबरतात. लग्नाची मुलगी, मानेवर पांढरे डाग, कोड तर नाही ना? एका आईनं माझ्यासमोर हुंदके दिले होते. कोडाचा डाग खडूसारखा पांढरा असतो आणि त्यावर कोंडा नसतो. कोड असतं तरी त्यात लपवण्यासारखं काही नाही, पण त्या माउलीची झोप नुसत्या शिब्यानं उडाली होती. एक डाग मात्र वेगळा ओळखायला हवा. फिकट किंवा लालसर, खाज नसलेला आणि बधिर. तिथे कापसाचा स्पर्श कळत नसेल तर मलमाचा विचारही करू नका, सरळ सरकारी दवाखाना गाठा. तो कुष्ठरोग असू शकतो. त्याची गोळ्यांची पाकिटं मोफत मिळतात आणि वेळेत घेतली तर हातापायांत काही व्यंग येत नाही.

लावणीच्या दिवसांत चिखल्या होतात, पायाच्या शेवटच्या दोन बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी, भिजल्यासारखी होऊन चिरते. बायका त्यात मेंदीचा पाला वाटून भरतात. चिखल सुटल्यावर पाय धुऊन बेचकं कोरडं करणं याला तोड नाही. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी चिखल्या अजिबात अंगावर काढू नयेत, त्या चिरेतून जंतू शिरले की पाय गुडघ्यापर्यंत लाल होऊन सुजतो. नखांना झालेली बुरशी चिवट असते. पायाचं नख पूर्ण नवं यायला वर्ष-दीड वर्ष लागतं, तेवढी वाट पाहावीच लागते.

मी त्या ताईला विचारलं, "घरात आणखी कुणाला आहे?"

"नाही, मॅडम."

"यजमानांना?"

ती गप्प बसली. मग म्हणाली, "ते पण ट्यूब लावतात. माझ्या ट्यूबमधलीच. आम्ही बोललो नाही कधी यावर."

घरात माणसं चार आणि दोर एकच. पडवीत, पावसात, चार दिवस न वाळणारे कपडे. नवरा-बायको, शाळकरी मुलगा, सासरे. टॉवेल दोन. बुरशीचे कण गळालेल्या कोंड्यातून चादरीत, टॉवेलात, आतल्या कपड्यांत महिनोन्महिने जिवंत राहतात. एकट्या बाईला औषध दिलं आणि बाकी तिघांना दिलं नाही, तर ते औषध वाया गेलं असं मी धरून चालते. गणपतीत तर मुंबईहून चाकरमानी येतात, घर भरतं, रात्री ज्याच्या हाती येईल ती चादर त्याची. ज्यांना त्रास आहे त्यांचे कपडे गरम पाण्यात वेगळे धुवा, उन्हाची तिरीप मिळाली की उलटे करून वाळत घाला, नाहीतर इस्त्री फिरवा. घट्ट जीन्स आणि लेगिंग्ज पावसाळ्यापुरत्या बाजूला ठेवा. सुती, सैल घाला.

आणि करगोटा. हे सांगताना मला नेहमी जपून बोलावं लागतं. तिचे सासरे पुढच्या सोमवारी आले. कमरेभोवती चट्ट्यांची माळ, मधोमध काळा, ओलसर करगोटा. मी म्हटलं, "बाबा, औषध चालू आहे तोवर हा काढून ठेवावा लागेल. सुताच्या पेडांत बुरशी बसते, तुम्ही अंघोळ केलीत तरी हा ओलाच राहतो." ते बराच वेळ काही बोलले नाहीत. बिनकरगोट्याचं राहणं त्यांना अशुभ वाटत होतं, आणि ती भावना मी उडवून लावणार नव्हते. शेवटी त्यांनीच विचारलं, "बरं झाल्यावर नवा बांधला तर चालेल?" मी म्हटलं, नवा बांधा, कोरडा बांधा.

नऊ आठवडे लागले. सुरुवातीला तिची खाज वाढली, कारण स्टेरॉईड बंद झालं होतं. ती दोनदा फोन करून रडली, पण ट्यूब तिनं परत आणली नाही. नवरा आधी आला नाही, मग एकदा आला आणि दाराशीच उभा राहिला. काचपट्टीवर शेवटच्या खेपेला एकही धागा दिसला नाही, तेव्हा मी तिला बोलावून सूक्ष्मदर्शकातून पाहायला लावलं.

"म्हणजे गेलं?"

"गेलं."

तिनं साडी किंचित सावरून मांडीवरच्या रेघांवर बोट ठेवलं. "आणि ह्या?"

त्या जाणार नाहीत, हे मला तिला सांगावं लागलं.