स्क्रू सगळ्यात शेवटी

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाचक बहिणीचा प्रश्न आहे. मुलाचे अब्बा दोन वर्षांपासून कतारला आहेत. त्यांची जुनी स्प्लेंडर तेव्हापासून पडवीत उभी. मुलाला आता लायसन्स मिळालंय, कॉलेजला जायला गाडी हवी. गॅरेजवाल्यानं दहा-बारा किका मारल्या, बाजूचा स्क्रू फिरवून बघितला आणि सांगितलं, कार्बोरेटर गेला, नवा टाका. दीर म्हणतात, भंगारात द्या, हप्त्यावर नवी घेऊ. तुम्ही काय सांगाल?

मी सांगेन, आधी कार्बोरेटर उघडून बघा. न उघडता 'गेला' म्हणणाऱ्याला काही विचारूच नका.

हिरो होंडाची सीडी १०० आली १९८५ साली आणि स्प्लेंडर १९९४ साली. दोन्हीचं इंजिन ९७.२ सीसी. एप्रिल २०२० पासून बीएस ६ चे नियम लागू झाले आणि नव्या गाड्यांत कार्बोरेटरची जागा इंजेक्शननं घेतली. जुन्या गाडीतला कार्बोरेटर मात्र अजून घरच्या पडवीत उघडता येतो, आणि त्यात बिघडण्यासारखं फार थोडं असतं. एक धातूचं शरीर, पितळेचे दोन जेट, वर-खाली होणारी स्लाईड आणि तिची सुई, पेट्रोलची पातळी सांभाळणारा फ्लोट आणि काही रबरी रिंगा. धातू सहसा जात नाही. रबर जातं आणि छिद्रं बुजतात.

दोन वर्षं उभ्या गाडीत काय होतं? खालच्या वाटीतलं पेट्रोल उडून जातं आणि मागे गुळाच्या पाकासारखा चिकट थर राहतो. आयडलिंगला वापरायचा स्लो जेट आणि धावताना वापरायचा मेन जेट, यातला स्लो जेट सगळ्यात आधी बुजतो. त्याचं छिद्र अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान. म्हणूनच अशी गाडी चोक ओढून सुरू होते, चोक सोडला की बंद पडते. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढून घेतं. कोकणातल्या दोन पावसाळ्यांत टाकीतही गंज धरलेला असणार. तेव्हा टाकी आधी रिकामी करून धुवा. नाहीतर आज साफ केलेला जेट आठवड्यात पुन्हा बुजेल आणि दोष कार्बोरेटरवर येईल.

आता एक गोष्ट अम्मीनं स्वतः बघायची. हे काम स्वयंपाकघराजवळ किंवा देवडीतल्या चुलीजवळ होता कामा नये. अंगणात, मोकळ्या हवेत, लहान मुलं लांब, बिडी-सिगारेट बंद. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते आणि बऱ्याच लांबच्या ज्योतीपर्यंत पोचते. काढलेलं जुनं पेट्रोल झाकणाच्या डब्यात ठेवा, गटारात ओतू नका.

खोलताना पेट्रोलचा कॉक बंद करायचा, नळी काढायची, वरचं झाकण फिरवून स्लाईड बाहेर घ्यायची, मग इंजिनाकडचे दोन नट आणि फिल्टरकडची क्लिप. मोबाईलनं प्रत्येक पायरीचा फोटो काढा. सुईच्या डोक्याला खाचा असतील तर क्लिप कोणत्या खाचेत आहे ते लिहून ठेवा, आणि तिथेच परत बसवा. हवेचा स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हातानं पूर्ण आत फिरवून किती फेऱ्या लागल्या त्या मोजा. स्क्रू आत टेकला की थांबायचं. जोर लावला तर त्याचं टोक आणि त्याची बैठक दोन्ही खराब होतात, आणि मग खरंच नवा कार्बोरेटर घ्यावा लागतो.

फ्लोटची पिन ज्या दोन खांबांत बसते ते फार नाजूक असतात. पिन हातोडीनं ठोकू नका, दाबून सरकवा. फ्लोट कानाजवळ हलवा. आत पेट्रोल डुचमळलं तर फ्लोट बदलायचा. फ्लोटखालच्या छोट्या नीडलचं टोक बघा. त्यावर गोल वळ पडला असेल तर ती पेट्रोल नीट अडवत नाही. इथे कंजुषी नको. ही नीडल गळली की जास्तीचं पेट्रोल नळीतून जमिनीवर सांडतं, आणि ती नळी बुजलेली असेल तर ते इंजिनात उतरून ऑइलमध्ये मिसळतं. ऑइलची पट्टी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर ऑइल बदलल्याशिवाय गाडी चालवू नका. पातळ ऑइलवर इंजिन घासलं जातं, आणि तो खर्च कार्बोरेटरच्या कितीतरी पट असतो.

सफाईआधी सगळी रबरं काढून बाजूला ठेवा, क्लीनरनं ती फुगतात. जेट भिजवून ठेवा, मग हवेच्या दाबानं फुंका आणि उजेडाकडे धरून बघा. छिद्रातून गोल, स्वच्छ उजेड दिसला पाहिजे. गॅरेजमध्ये क्लच वायरची तार घालून जेट टोकरतात. पितळ मऊ असतं, पोलादी तारेनं छिद्र मोठं होतं, आणि मग गाडी जन्मभर जास्त पेट्रोल पिते. ब्रशचा नायलॉनचा केस वापरा. शरीरातल्या बारीक वाटाही फुंकायच्या. एका भोकात फुंकलं की दुसऱ्यातून हवा यायला हवी. हे राहिलं तर जेट कितीही चकचकीत असोत, उपयोग नाही.

रबरी रिंगा आणि पॅकिंगचं किट मात्र नवंच घ्या. बाजारात स्वस्त डुप्लिकेट कार्बोरेटर मिळतो. माझं मत विचाराल तर मूळचा, साफ केलेला कार्बोरेटर त्याच्यापेक्षा बरा, आणि वाचलेल्या पैशात जपून काम करणाऱ्या कारागिराला चांगली मजुरी द्या. दोन तास मान खाली घालून जेट फुंकणाऱ्या माणसाशी पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतो आम्ही, आणि डब्यातला नवा भाग मात्र न बोलता विकत घेतो.

बसवताना दोन ठिकाणी डोळ्यात तेल घाला. पहिली स्लाईड. तिचा कापलेला भाग फिल्टरच्या बाजूला यायला हवा आणि खाच नीट जुळायला हवी. उलटी बसली तर इंजिन एकदम रेस होतं. सुरू करण्याआधी ॲक्सिलरेटर पिळून सोडा, स्लाईड खट्कन खाली आली पाहिजे. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवूनही बघा. नवशिक्या मुलाच्या हातात गाडी देताना ही तपासणी आईनं समोर उभं राहून करून घ्यावी. दुसरी जागा म्हणजे इंजिनाकडचे दोन नट. ते आळीपाळीनं, बेतानं आवळायचे. पूर्वी कुणी ताकदीनं आवळून कार्बोरेटरचा चपटा तोंडवळा वाकवला असेल, तर फटीतून हवा शिरते आणि गाडी कधी रेस होते, कधी बंद पडते. काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून तो भाग घासला की सपाट होतो. इंजिन चालू असताना जोडावर पाण्याचे थेंब टाका. आवाज बदलला तर तिथून हवा जातेय.

एवढं झालं, एअर फिल्टर आणि प्लग साफ आहेत, टॅपेट बरोबर आहेत, मगच स्क्रूला हात लावायचा. आपल्याकडे नेमकं उलट चालतं. गाडी बिघडली की आधी स्क्रू, आणि स्क्रूनं दुसरा कुठलाच दोष जात नाही, फक्त झाकला जातो.

स्क्रू आत टेकवून मोजलेल्या फेऱ्यांइतका बाहेर घ्या. मोजणी हरवली असेल तर दीडपासून सुरुवात करा. दहा मिनिटं गाडी फिरवून इंजिन गरम करा, चोक बंद. मोठ्या स्क्रूनं आयडलिंग जरा वाढवा. आता हवेचा स्क्रू पाव-पाव फेरी फिरवत जा आणि प्रत्येक वेळी थांबून ऐका. जिथे इंजिन सगळ्यात जलद आणि एकसारखं चालतं तिथे सोडा, मग आयडलिंग कमी करा. पुन्हा एकदा तेच. हा स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर आत फिरवल्यावर पेट्रोल वाढतं, इंजिनाच्या बाजूला असेल तर बाहेर फिरवल्यावर. हे ठाऊक नसल्यामुळे एकाच्या गाडीचा सल्ला दुसऱ्याच्या गाडीला लागू पडत नाही.

आठवडाभर चालवून प्लग काढा. टोक दुधाच्या चहासारखं तपकिरी असेल तर बरोबर. काजळीसारखं काळं असेल तर पेट्रोल जास्त जातंय. पांढरंफटक असेल तर कमी जातंय, आणि ते जास्त वाईट, कारण इंजिन तापतं. ॲव्हरेजच्या हव्यासापायी पेट्रोल फार कमी करून ठेवणारे पुष्कळ भेटतात.

तेव्हा बहिणीला उत्तर असं की भंगारवाल्याला अजून बोलावू नका. टाकी, सफाई आणि किट एवढं करून बघा, गाडी इन्शाअल्लाह चालेल. एवढं करूनही धूर निघाला किंवा किक हलकी लागली, तर दोष इंजिनात आहे, तेव्हा दीरांचं म्हणणं विचारात घ्या. आणि परीक्षेच्या सुट्टीत गाडी पुन्हा महिनाभर उभी राहणार असेल, तर कॉक बंद करून वाटीच्या खालचा स्क्रू सोडा आणि आतलं पेट्रोल काढून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.