घसारा यंत्राचा आणि माणसाचा

वारणानगरच्या पंचक्रोशीत गच्चीवर सौर पॅनेल दिसणे ही आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘प्रधानमंत्री सूर्यघर’ योजना जाहीर केली. तीन किलोवॅटच्या संचास ७८ हजार रुपयांचे अनुदान मिळू लागले आणि एक कोटी घरांचे उद्दिष्ट पुढे ठेवण्यात आले. वीजबिल किती उतरले, घातलेला पैसा किती वर्षांत वसूल होईल, याची चर्चा शिक्षकांच्या खोलीत आणि कचेरीच्या मधल्या सुट्टीत रंगते. या हिशेबातील एक रकाना मात्र कोराच राहतो. ही पॅनेले ज्यांनी गच्चीवर चढविली, त्यांच्या शरीराच्या झिजेचा तो रकाना आहे.

हे काम दुरून दिसते तितके सुटसुटीत नाही. साडेपाचशे वॅटच्या आसपासचे पॅनेल सुमारे २८ किलो वजनाचे आणि सव्वादोन मीटर लांबीचे असते. तीन किलोवॅटच्या संचास अशी सहा लागतात. धान्याचे पोते याहून जड असते हे खरे. तथापि पोते पाठीला बिलगून बसते, काचेचे रुंद पॅनेल बसत नाही. अरुंद जिन्याच्या वळणावर ते हातांवर तोलावे लागते आणि गच्चीवर वारा सुटला की ते शिडासारखे ओढू लागते. त्यानंतर लोखंडी सांगाडा उभा करणे, तासन्‌तास वाकून नटबोल्ट आवळणे, अर्थिंगसाठी खड्डे खणणे हे सारे त्याच दोन-तीन माणसांनी करावयाचे असते. एप्रिल-मेच्या दुपारी गच्चीवरचे लोखंड हाताला चटका देते. पॅनेलवर ऊन पडले की त्यात वीज निर्माण होतच राहते. ती थांबविण्याची कळ पॅनेलला नसते. सिमेंटच्या पत्र्याच्या छपरावर एक पाऊल चुकले तर माणूस थेट खाली येतो. ज्या कामात क्षणभराचे दुर्लक्ष प्राणावर बेतू शकते, तेथे थकवा हा स्वतःच एक धोका असतो.

कंबर, खांदे व गुडघे बोलू लागतात आणि हळूहळू मनही कामाला विटते. कामाच्या अशा ताणाने येणारे रितेपण हा आजार नसून कामाच्या परिस्थितीशी निगडित घटना आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्पष्ट केले. तरीही कामगाराला उपदेश केला जातो तो पाणी पिण्याचा, व्यायामाचा आणि सोसण्याचा. हा उपदेश चुकीचा नाही, अपुरा आहे. मोबदला बसविलेल्या किलोवॅटवर ठरत असेल, तर दुपारची विश्रांती म्हणजे बुडालेली कमाई होय.

हा दर इतका ताणला का जातो? ग्राहक चार ठिकाणची दरपत्रके आणतो आणि सर्वांत स्वस्त निवडतो. पॅनेल आणि इन्व्हर्टर यांच्या किमती बाजाराने ठरलेल्या असतात. काटछाट करता येते ती मजुरीत. पॅनेलाला बहुधा २५ वर्षांची हमी असते, यंत्राचा घसारा दरवर्षी ताळेबंदात मांडला जातो. मणक्याचा घसारा मात्र कोणत्याच वहीत येत नाही; तो कामगाराच्या घरी पोहोचतो.

अर्थशास्त्राला ही गोष्ट नवी नाही. १७७६ साली ॲडम स्मिथने नोंदविले की उक्त्या कामावर चांगली कमाई होऊ लागली की मजूर स्वतःला अति राबवून थोड्याच वर्षांत प्रकृती गमावतो. लंडनच्या सुताराची पुरी उमेद आठ वर्षांपलीकडे टिकत नाही, असा समज त्याने दाखल्यादाखल दिला. आणि बेताने राबणारा माणूसच वर्षाकाठी अधिक काम उरकतो, असा निष्कर्ष काढला. वारणेच्या खोऱ्याला तर हा धडा पुस्तकातून घ्यावयास नको. टनावर मजुरी घेणारा ऊसतोड कामगार आजारातही फडात का उतरतो, हे ‘खाडा’ या एका शब्दात येथे सर्वांना कळते. आणि ज्या भूमीत कुस्तीची मैदाने भरतात, तेथे मेहनतीइतकाच खुराक व विसावा लागतो, हे कोणी कोणास शिकवावे लागत नाही. पैलवानाला लागू असलेला न्याय पॅनेल चढविणाऱ्यास का नसावा?

उपायही परके नाहीत. आज या मालकाकडे तर उद्या त्या, अशा हमालांसाठी महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा केला. मालकांकडून मजुरीबरोबर ठराविक वर्गणी मंडळाने घ्यावी आणि तीतून भविष्यनिर्वाह निधी, रजा व औषधोपचार यांची सोय व्हावी, ही त्यामागील कल्पना आहे. आज या ठेकेदाराकडे तर उद्या त्या ठेकेदाराकडे काम करणाऱ्या सौर कामगारालाही तीच चौकट साजेशी आहे. अनुदानाच्या तपासणीत मीटरबरोबर सुरक्षापट्टा, पत्र्यावरील फळ्या आणि वजन वर ओढण्याची कप्पी यांचीही नोंद घेतली जावी. उन्हाळ्यात काम सकाळी व सायंकाळी व्हावे, पॅनेल दोघांनी मिळून उचलावे आणि रोजाची एक किमान रक्कम किलोवॅटवर अवलंबून नसावी.

सरकारचा निर्णय होईपर्यंत ग्राहकाने हात बांधून बसण्याचे कारण नाही. तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने येथे सहकार रुजला तो एकट्यादुकट्याला न झेपणारा भार अनेकांनी वाटून घ्यावा या विचारावर. एका आळीतील दहा घरांनी मिळून काम दिले आणि करारातच वरील अटी घातल्या, तर ठेकेदारास त्या नाकारणे जड जाईल. दरपत्रक थोडे वाढेल, हे मान्य करावयास हवे. पंचवीस वर्षे वीज देणाऱ्या संचाच्या किमतीत ती वाढ फारशी जाणवणार नाही. पस्तिशीत कंबर गमावून बसलेल्या तरुणाच्या घरी मात्र ती न दिल्याची किंमत रोज मोजली जाईल.