दोरी ओढली तर कोण धावून येतो?

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीत ज्यांचे घर यंत्रमागावर चालते, त्यांना हे सांगावे लागत नाही: धागा तुटला आणि माग तसाच चालू राहिला, तर पुढचे सगळे कापड डागी. जपानमधल्या साकिची टोयोडा नावाच्या सुताराच्या मुलाने आयुष्याची बरीच वर्षे याच प्रश्नावर घालवली. १९२४ साली त्याने पुरा केलेला माग धागा तुटताच आपोआप थांबत असे. पुढे त्याच्या मुलाने मोटारींचा धंदा काढला, तीच आजची टोयोटा कंपनी.

मोटारीच्या कारखान्यात चूक यंत्राला कळेलच असे नाही. ती आधी दिसते समोर उभ्या असलेल्या कामगाराला. म्हणून टोयोटाने कामगारांच्या हाताशी येईल अशी एक दोरी लावली. काही बिघडले, समजले नाही, हात मागे पडला, तर दोरी ओढायची. बापाने मागाला दिलेली अक्कल मुलाच्या कंपनीने अशी माणसाच्या हाती दिली.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातल्या फ्रीमाँट गावी जनरल मोटर्सचा कारखाना होता. त्याची ख्याती फार वाईट. पाचातला एक कामगार रोज गैरहजर, कामावर दारू, मालक आणि युनियन यांचे रोजचे भांडण. आणि सर्वांत मोठा नियम असा की काहीही होवो, लाइन थांबता कामा नये. खराब गाडी पुढे ढकलायची, मागाहून दुरुस्त करू. १९८२ मध्ये कारखाना बंद पडला. मग जनरल मोटर्स आणि टोयोटा यांनी भागीदारीत तो पुन्हा उघडला आणि १९८४ च्या डिसेंबरात पहिली गाडी बाहेर पडली. कामगार बहुतेक जुनेच होते. तेच हात, तीच युनियन. तरीही गैरहजेरी दोन टक्क्यांवर आली आणि जनरल मोटर्सच्या कारखान्यांत सर्वांत चांगला माल इथेच निघू लागला.

ही हकीकत सांगताना लोक दोरीचे कौतुक करतात. मला महत्त्वाचे वाटते ते दोरी ओढल्यानंतरचे. दोरी ओढली की दिवा लागतो, सूर वाजतो आणि गटाचा प्रमुख धावत येतो. काय झाले ते पाहतो, हात लावतो. ठरलेल्या खुणेपर्यंत अडचण सुटली तर लाइन थांबतही नाही. सुटली नाही तरच थांबते. ‘कोणी केले?’ हा पहिला प्रश्न नसतो. टोयोटात काम केलेले जॉन शूक यांनी २०१० साली या कारखान्यावर लिहिले आहे. त्यांचे म्हणणे असे की आधी लोकांचे विचार बदलले नाहीत; आधी रोजची वागणूक बदलली, विचार मागून बदलले. जनरल मोटर्सने हीच पद्धत व्हॅन नाइझच्या कारखान्यात नेऊन पाहिली. तिथे ती रुजली नाही; त्याचे एक कारण म्हणजे वरच्या माणसांची वागणूक जुनीच राहिली.

आणखी एक गोष्ट. १९८७-८८ च्या सुमारास फ्रीमाँटच्या गाडीची विक्री बरीच घसरली. कामगार कमी केले असते तर कोणाला नवल वाटले नसते. पण कोणाला काढले नाही. रिकाम्या वेळात शिक्षण दिले, सुधारणेची कामे दिली. उद्या नोकरी जाईल या भीतीत असलेला माणूस आज चूक कशाला दाखवील?

आता आपल्याकडे या. गॅरेजमधल्या पोराच्या हातून नटाचे आटे गेले. तो उस्तादला सांगेल का? मागच्या वेळी सांगितले तेव्हा चारचौघांत शिवी बसली असेल, तर नट तसाच बसवून गाडी गिऱ्हाइकाच्या हाती जाईल. बेकरीत, शिलाईच्या कारखान्यात, घरी बसून पीसवर शिवणाऱ्या आपल्या बहिणींच्या कामातही हेच. ‘दुकान आपलेच समजा’ असे मालक म्हणतो. नुकसान झाले की मात्र ते नोकराचे समजतो.

यंत्रमागावर तर पेच आणखी घट्ट आहे. मजुरी कापडाच्या मापावर. माग थांबला की कामगाराची रोजी थांबते. त्याला ‘दोष दिसला की थांबव’ सांगणे म्हणजे ‘आपल्या मुलाच्या ताटातून काढून दे’ सांगणे. मालकाचेही एक म्हणणे आहे: वीजबिल, सुताचा भाव, व्यापाऱ्याची उधारी, थांबलेल्या वेळेचे पैसे आणू कुठून? प्रश्न खरा आहे. पण डागी कापडावर व्यापारी जे कापतो, त्याचा हिशेब या वेळेशेजारी मांडून पाहिलेले मालक थोडेच.

एकदम सगळे बदलायची गरज नाही. एक महिना एवढेच करून पाहावे. कामगाराने ज्या पाळीत दोष दाखवला त्याच पाळीत जॉबरने किंवा मालकाने तो पाहायचा, आणि त्यापायी कपात करायची नाही. लपवलेल्या दोषाचा नियम हवा तर जुनाच ठेवावा. दाखवलेले दोष भिंतीवरच्या वहीत लिहावेत: तारीख, मागाचा नंबर, काय बिघडले. नाव लिहू नये. पहिल्या आठवड्यात वही कोरी राहील. तेव्हा मालकाने स्वतःची एक चूक त्यात आधी लिहावी.