सरासरीत हरवलेला मोखाडा

२०१५-१६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पालघर हा जिल्हाच सापडत नाही. तो १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला होता. पण सर्वेक्षणाने जिल्ह्यांची यादी घेतली होती २०११च्या जनगणनेची. त्यामुळे मोखाडा तालुक्यातल्या सूर्यमाळच्या पाड्यावरचे मूल आणि ठाण्यातल्या टॉवरमधले मूल एकाच सरासरीत बसले. शेजारच्याच जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी १९९२-९३ मध्ये राज्य हादरले, त्याला तोवर दोन दशके उलटून गेली होती.

२०१९-२१च्या फेरीत पालघरला स्वतःचा रकाना मिळाला. तरी मोखाडा दिसेना. २०११ मध्ये या जिल्ह्याच्या हद्दीतली लोकसंख्या सुमारे ३० लाख होती. त्यातले १३ लाखांहून अधिक लोक एकट्या वसई तालुक्यात, मोखाड्यात जेमतेम ८३ हजार. या फेरीत देशभरात जिल्ह्यामागे सरासरी ९०० कुटुंबे गाठली गेली. लोकसंख्येच्या प्रमाणात वाटणी केली, तर मोखाड्याच्या वाट्याला पंचवीसेक घरे येतात. शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण भात एकाच पातेल्यात शिजलेला असेल तर! वसई आणि मोखाडा यांचे पातेले एक नाही.

संख्याशास्त्रीय मॉडेल कामाला येते ते अशा ठिकाणी. हार्वर्ड विद्यापीठातले एस. व्ही. सुब्रमण्यन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये देशातल्या जवळपास सहा लाख खेड्यांसाठी बालकुपोषणाचे अंदाज प्रसिद्ध केले. सर्वेक्षक ज्या गावी गेलेच नाहीत, तिथला अंदाज जनगणनेतल्या माहितीच्या आधारे बांधलेला. तो अंदाजच आहे, मोजणी नव्हे. तरीही पोषणाचा पैसा कुठे आधी जावा हे ठरवायला असा नकाशा जिल्ह्याच्या सरासरीपेक्षा केव्हाही बरा.

मॉडेलचा आणखी एक उपयोग आहे, त्याची चर्चा फारशी होत नाही. समजा, एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीत वर्षाला २०० बाळे जन्मतात. एका वर्षी चार दगावली, पुढच्या वर्षी आठ. बालमृत्युदर हजारी २० वरून थेट ४०! वैद्यकीय अधिकाऱ्याला नोटीस जाते, वर्तमानपत्रांत मथळे येतात. एवढ्या लहान संख्येत असा चढउतार निव्वळ योगायोगानेही होतो. अनेक वर्षांचे आणि शेजारच्या केंद्रांचे आकडे एकत्र तोलले, तरच खरी वाढ ओळखता येते. उलट, एखाद्या वर्षी दर उतरला म्हणून पाठ थोपटून घेणाऱ्यांनाही हाच नियम लागू आहे.

मात्र दिवाळीनंतरचा मोखाडा मॉडेललाही नीट दिसत नाही. भातकापणी उरकली की अनेक आदिवासी कुटुंबे पोराबाळांसह भिवंडी, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. त्या महिन्यांत मूल गावच्या अंगणवाडीत वजनाला नसते आणि भट्टीजवळच्या अंगणवाडीच्या पटावरही बरेचदा नसते. जे गळतात ते सर्वांत गरीब घरांतले. उरलेल्यांचे आकडे कितीही हुशारीने तोलले, तरी चित्र गुलाबीच निघणार. नोंदींतली ही गळती जुनीच आहे. ‘सर्च’ आणि इतर संस्थांच्या ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने २००१ मध्येच दाखवून दिले होते की, राज्यातले कितीतरी बालमृत्यू सरकारी नोंदीत येतच नाहीत.

म्हणून मॉडेलवर खर्च करण्याआधी, निदान त्याच्या जोडीने, भट्टीवर वजनकाटा न्यायला हवा. अंगणवाड्यांच्या ‘पोषण ट्रॅकर’ या ॲपमध्ये स्थलांतरितांच्या नोंदीची सोय आहे. ती वापरणे ही भट्टी असलेल्या तालुक्याचीही जबाबदारी ठरवावी आणि मुलाचे वजन-उंची त्याच्या मूळ पाड्याच्या नावावर चढावी. सरकारने तालुकावार अंदाज छापताना एकच आकडा न देता तो किती वरखाली असू शकतो हेही छापावे, आणि त्या महिन्यात किती मुले मोजायची राहिली तेही.